दादा, पंत आता स्वतःहून फांदीवर चढतात!

दादा, नमस्कार,

पंतांसाठी केलंत त्याबद्दल फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अरे सोड रे" म्हणता आणि विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, आता बदला विषय.

मागच्या नोव्हेंबरात मित्र जर्मनीला गेला आणि जाताना काचेच्या टाकीसकट त्याचा ईग्वाना, म्हणजे मोठा सरडाच, माझ्या गळ्यात मारून गेला. "काही करावं लागत नाही रे, पाला टाकायचा बस" एवढ्यावर मी हो म्हटलं, माझी अक्कल. गळ्याखाली लोंबणारी ती पिशवी आणि तासन्तास न हलता सगळ्यांकडे तुच्छतेने बघायची सवय पाहून आईने नाव ठेवलं पंत. सोसायटीत मात्र अजून घोरपडच म्हणतात. त्या घोरपडीच्या नादातच आम्ही दोन आठवडे उकडलेलं अंडं चारलं, कारण घोरपड अंडी खाते हे आईला पक्कं माहीत, आणि पालक तर रोजच, कारण पालक म्हणजे ताकद ना.

जानेवारीत पंत खाईनात. पुढच्या पायांची बोटं थरथरायला लागली, अगदी बारीक, मोबाईल व्हायब्रेट झाल्यासारखी, आणि खालचा जबडा हाताला मऊ लागायला लागला. पहिल्या दवाखान्यात सांगितलं आम्ही कुत्री-मांजरंच बघतो, दुसऱ्या ठिकाणी म्हणाले थंडीने सुस्त झालाय, होईल ठीक. तिथेच वेटिंगमध्ये तुम्ही कॉकॅटील पोपटाचा पिंजरा मांडीवर घेऊन बसला होतात. तुम्ही पंतांची बोटं बघितलीत आणि विचारलंत, "ट्यूब कुठे लावलीये?" तोपर्यंत हा प्रश्न मला एकानेही विचारला नव्हता दादा.

रविवारी तुम्ही चिंचवडहून कोथरूडला बाईकवर आलात, खिशात टेम्परेचर गन, कोरोनात सोसायटीच्या गेटवर वॉचमन कपाळाला धरायचे तसलीच दिसणारी. पंत जिथे बसायचे त्या फांदीवर धरलीत, 26 डिग्री. तिथे 33 ते 35 पाहिजे म्हणालात. मग वर बघितलंत. यूव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी, होती हो, महागाची होती, पण मी ती टाकीच्या काचेच्या झाकणावर ठेवली होती, काच फुटायला नको म्हणून नीट फडकं घालून! काचेतून यूव्हीबी जवळपास येतच नाही, यूव्हीबी नाही म्हणजे अंगात व्हिटॅमिन डी3 तयार होत नाही, आणि डी3 नाही तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, मग शरीर ते हाडातून ओढतं. आणि वर मी रोज पालक देत होतो, त्यातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य आहे तेवढं कॅल्शियमही धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. हे सगळं तुम्ही स्टुलावर उभं राहून झाकण काढता काढता सांगितलंत, आणि एकदाही "एवढं पण माहीत नाही का" असं म्हणाला नाहीत. मीच असतो तर नक्की म्हटलं असतं.

तुम्ही दिलेल्या नंबरवरच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाडं फिकट पण वेळेत आलात म्हणाले. कॅल्शियमचे थेंब सुरू झाले. अंडं बंद, कारण हा प्राणी पक्का शाकाहारी, प्राण्यांच्या प्रोटीनने किडनीची वाट लागते. आता सकाळी शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, किसलेला लाल भोपळा, फरसबी, कधीतरी पपईची फोड. तळमजल्यावरच्या काकू, ज्या आधी वनखात्याला फोन करायला निघाल्या होत्या, त्याच आता जास्वंद तोडून ठेवतात. अर्थात त्यात तुम्ही माझ्या शेजारी बसून सरकारच्या परिवेश पोर्टलवर केलेल्या नोंदणीचा वाटा आहे, 2024 च्या नियमांनंतर अशा प्राण्यांची नोंद लागते हेही मित्र सांगून गेला नव्हता. तो प्रिंटआउट सेक्रेटरींना दाखवला आणि विषय संपला.

एका रात्री दोन वाजता मी तुम्हाला उठवलं होतं, आठवतंय? लाईट गेलेले, बाहेर 10 डिग्री, सिरॅमिक हीटर बंद. तुम्ही झोपेतच म्हणालात आजीची शेकायची रबरी पिशवी काढ, गरम पाणी भर, टॉवेलात गुंडाळ, अंगाखाली नको बाजूला ठेव, पोटाखालचा चटका त्यांना वेळेवर कळत नाही. आणि त्याच आठवड्यात पंत शिंकतात, नाकाशी पांढरं दिसतंय म्हणून परत फोन, तर तुम्ही हसायलाच लागलात. जास्तीचं मीठ ते नाकातून शिंकून टाकतात म्हणे. मी तोपर्यंत वाफारा द्यायच्या तयारीत होतो.

तुम्ही अजून एक गोष्ट सांगितली होतीत ती मला खरी वाटली नव्हती. वरून हात घालू नकोस, बाजूने ये, त्यांच्या टाळूवर तिसरा डोळा असतो, चित्र दिसत नाही पण उजेड-सावली कळते. बंद खिडकीतलं ऊन म्हणजे नुसता उजेड असं तुम्ही म्हणाल्यापासून मी पंतांना पट्टा लावून सकाळी बाल्कनीत घेऊन बसतो, शेजारी सावलीसाठी कुंडी. गेल्या शनिवारी मी चहा पीत होतो, ते पाला खात होते, एकदम थांबले. तोंडात अर्धं पान तसंच, मान तिरकी करून एक डोळा आभाळाकडे. मी वर बघितलं, काही नाही. मग दोन सेकंदांनी समोरच्या बिल्डिंगच्या टाकीमागून घार निघाली. माझ्या अंगावर काटाच आला.

बोटं आता थरथरत नाहीत. खालून फांदीवर स्वतः चढतात, मागच्या आठवड्यात तर पडद्यावर चढून रॉडवर बसले आणि आई खुर्चीवर. शेपटीसकट तीन फुटांच्या वर गेलेत, पाच-सहा फूट होतील म्हणालात तर ही टाकी काढून बेडरूमच्या कोपऱ्यात जाळीचं कपाट करायला टाकलंय. नीट सांभाळलंस तर पंधरा-वीस वर्षं जगतील, तुझ्या लग्नात पण असतील असं तुम्ही म्हणाला होतात, आईला आता पंतांपेक्षा त्या लग्नाचंच पडलंय.

कपाट रविवारी येतंय, ट्यूब किती उंचीवर लावायची ते बघायला याल ना? या वेळी मध्ये काच नाही, जाळी आहे. आई पुरणपोळी करणारे. आणि टेम्परेचर गन अजून माझ्याकडेच आहे, एवढ्यात मागू नका.