सिंहस्थापूर्वी कॅमेरा दुरुस्तीचीही सोय व्हावी

महोदय,

सिंहस्थाच्या तयारीच्या बातम्यांत घाट, रस्ते आणि वाहनतळ यांची चर्चा नित्य वाचायला मिळते. त्याच तयारीतल्या एका लहानशा, पण आम्हा छायाचित्रकारांच्या पोटापाण्याशी निगडित असलेल्या बाबीकडे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या लग्नसराईत गंगापूर रोडवरील एका लॉन्समध्ये मंगलाष्टके चालू असताना माझ्या कॅमेऱ्याचे शटर अडकले. दुसरी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा मूळ कॅमेरा, लेन्स लावून खांद्यालाच होती, त्यामुळे अंतरपाट दूर होण्याच्या आत मी पुन्हा उभा राहू शकलो आणि वधूवरांच्या मंडळींना काही कळलेही नाही. खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन कॅमेरा अधिकृत सेवा केंद्रात दिला, खर्चाचा अंदाज नवव्या दिवशी कळला आणि सुटा भाग यायला आणखी तीन आठवडे लागले. या सगळ्या काळात माझा राखीव कॅमेरा हाच माझा एकमेव कॅमेरा होता, म्हणजे राखीव असे काही उरलेच नव्हते. शेवटी एका सहव्यावसायिकाकडून भाड्याने बॉडी घेऊन सात कार्यक्रम पार पाडले.

दुसरा कॅमेरा म्हणजे चैन, असे पुष्कळ यजमानांना आणि खरे तर आमच्यातल्याही अनेकांना वाटते. मधल्या श्रेणीतल्या अनेक कॅमेऱ्यांच्या शटरचे आयुष्य कंपन्या साधारण दीड लाख क्लिक सांगतात. दोन दिवसांच्या एका लग्नात साडेतीन हजार क्लिक सहज होतात आणि अशी चाळीस कामे केली की तो आकडा जवळजवळ गाठला जातो. ज्याचा बिघाड असा आधीच हिशेबात धरता येतो, त्याला अचानक आलेले संकट म्हणणे मला पटत नाही. मात्र दुसरी बॉडी नुसती कपाटात असून भागत नाही. त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसाळी हवेत बंद बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते, आणि ती वेळीच काढली नाही तर काचेवरचा लेपही खराब होतो. म्हणून मी प्रत्येक कामात दोन्ही बॉडी वापरतो. दोन्हींना एकच बॅटरी चालेल असे पाहतो आणि सकाळीच दोन्हींची घड्याळे जुळवून घेतो, नाहीतर अल्बम लावताना सप्तपदी मंगलाष्टकांच्या आधी येऊन बसते.

परंतु दुरुस्तीलाच महिना लागणार असेल, तर छायाचित्रकाराने किती कॅमेरे बाळगावेत? आपल्या शहरात रोलच्या काळापासूनचे काही कुशल कारागीर अजूनही आहेत. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडीचे, म्हणजे जमिनीतल्या हौदाचे, रंगीत पाणी शिरलेला माझा फ्लॅश त्यांच्यापैकीच एकाने दोन दिवसांत सुरू करून दिला होता. मात्र नव्या कॅमेऱ्यांचे मूळ सुटे भाग आणि तपासणीचे सॉफ्टवेअर त्यांच्या हाती पडत नाही, त्यामुळे शटर किंवा सेन्सरचे काम आले की तेही हात जोडतात. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 रोजी ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केले, ते नेमके याच दुखण्यावर. मात्र त्यासाठी निवडलेल्या क्षेत्रांत शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने आहेत. कॅमेऱ्याला तिथे स्वतंत्र स्थान नाही.

2027च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऐन पावसात, रामकुंड आणि कुशावर्तावर पर्वणीची स्नाने होतील. देशोदेशीचे छायाचित्रकार येतील आणि पाणी, चिखल, रेटारेटी यांत उपकरणे बिघडतील, हे सांगायला ज्योतिषी नको. ऑलिंपिकसारख्या स्पर्धांच्या ठिकाणी कॅमेरा कंपन्या वृत्तछायाचित्रकारांसाठी दुरुस्तीचे केंद्र उघडतात आणि दुरुस्ती होईपर्यंत बॉडी व लेन्स उसन्या देतात. असे केंद्र पर्वणीच्या दिवसांत नाशकात का असू नये? कुंभमेळा प्राधिकरणाने माध्यम कक्षात एक खोली आणि अखंड वीज द्यावी, बाकीची व्यवस्था कंपन्यांना अशक्य नाही. तिचा लाभ केवळ ओळखपत्रधारक पत्रकारांना नव्हे, तर स्थानिक स्टुडिओवाल्यांनाही मिळावा. पर्वणी संपल्यावर निदान कॅमेरा जमा करून घेण्याचे आणि खर्चाचा अंदाज चार दिवसांत कळवण्याचे केंद्र शहरात कायम राहावे, अशी माझी संबंधित कंपन्यांना विनंती आहे.

आपला,
एक व्यावसायिक छायाचित्रकार,
पंचवटी, नाशिक