माझं ऐकून घेणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत. गाडीचं चाक दुरुस्त केल्याबद्दल पैशांचं पाकीट पुढे केलं तेव्हा "पोरी, हे काय काढलंस?" म्हणून रागावलात आणि हत्यारांची पेटी उचलून चालू लागलात. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. बडोद्याच्या कारेलीबागेत आपल्या गल्लीत ज्यांना कळायचं त्यांना नावाशिवायही कळेल.

परवा आईला अहमदाबादला तपासणीला घेऊन गेले होते. आणंद यायच्या आत ती मागच्या सीटवर गाढ झोपली. तुम्हाला यात विशेष काही वाटणार नाही. पण इतके महिने याच एक्सप्रेस वेवर ती दाराचं हँडल घट्ट धरून बसायची आणि थोड्या थोड्या वेळाने विचारायची, "अगं, चाक नीट आहे ना?" माझ्याकडे उत्तर नसायचं. काटा साठच्या पुढे गेला की उजव्या बाजूने घूं घूं सुरू व्हायची, शंभरच्या जवळ गेला की आम्हा दोघींना एकमेकींचं बोलणं ऐकू येत नसे. मी स्टिअरिंग धरून मनात रामरक्षा म्हणत गाडी चालवली आहे, काका. परवा आरशात आईची मान एका बाजूला कललेली बघितली आणि मला रडू आलं.

आवाज सुरू झाला तो पुरानंतर. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांच्याही वर गेली, तेव्हा आपल्या भागातल्या कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या, त्यात आमचीही. इंजिन वाचलं, सीटा वाळवल्या, गाडी चालू झाली, सगळ्यांनी हुश्श केलं. चाकाच्या आत काय शिरलंय हे बघायचं कोणाला सुचलं नाही. तुम्हाला मात्र पूर म्हटल्याबरोबर सुचलं: सीलमधून पाणी आत गेलं, ग्रीस खराब झालं, की बेअरिंगला, म्हणजे ज्या पोलादी गोळ्यांच्या कड्यावर चाक फिरतं त्याला, गंज धरतो आणि मग ते ओरडायला लागतं. एवढी साधी गोष्ट मला आधी कोणी सांगितली नव्हती. आणि मी विचारलं नव्हतं असं नाही.

मी विचारलं होतं. काचेचं दार आणि एसी असलेल्या एका वर्कशॉपमध्ये विचारलं. त्यांनी पुढचे दोन्ही टायर बदलायला लावले, अलाइनमेंट केलं, बॅलन्सिंग केलं, बिल हातात ठेवलं. आवाज तसाच. परत गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, म्युझिक लावून चालवा ना." मग माझ्यादेखत त्याने माझ्या नवऱ्याला फोन लावला. गाडी माझी, चालवते मी, आवाज ऐकते मी. आणि गाडीचं बोलणं चाललं होतं दहेजला ड्युटीवर असलेल्या माणसाशी, ज्याने ती गाडी महिना महिना चालवलेली नसते. मी शेजारी उभी होते.

दुसऱ्या गॅरेजवाल्याने निदान बेअरिंगपर्यंत मजल मारली. पण ते बसवलं हातोड्याने ठोकून. ठणठण बाहेर बाकड्यापर्यंत ऐकू येत होती. पावसाळा संपायच्या आत घूं घूं परत आली, तेव्हा तो म्हणाला की गाडीचं वय झालं, आता असंच चालायचं. पुढे त्याने माझे फोनच उचलले नाहीत.

त्या संध्याकाळी तुम्ही कमाटीबागेतून फिरून येत होतात आणि मी फाटकापाशी उभी राहून तोच फोन पुन्हा लावत होते. चेहरा बघूनच तुम्ही थांबला असाल. मी भडाभडा सगळं सांगितलं. बोलता बोलता हेही म्हणाले की रस्ता डावीकडे वळला की आवाज वाढतो आणि उजवीकडे वळला की जवळजवळ बंद होतो. ही गोष्ट मी दोन्ही ठिकाणी सांगितली होती, कोणी मान वर करून बघितलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "परत सांग. डावीकडे वळताना काय होतं?"

मी परत सांगितलं. तुम्ही म्हणालात, गाडी डावीकडे वळली की भार उजव्या चाकावर येतो. निम्मं काम तूच केलं आहेस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही जॅक आणि स्टँड घेऊन आलात. तेव्हा जे केलंत, त्यासाठी खरं तर हे सगळं पत्र आहे.

पुढची दोन्ही चाकं उचलून झाल्यावर तुम्ही मला जवळ बोलावलंत. आधी डाव्या बाजूला. "स्प्रिंगवर हात ठेव, नुसती बोटं टेकव." तुम्ही चाक हाताने फिरवलंत. काही नाही, गार लोखंड. मग उजव्या बाजूला नेलंत, तिथल्या स्प्रिंगवर बोटं टेकवायला लावलीत आणि चाक फिरवलंत. बोटांच्या टोकांना खरखर लागली. बारीक, सलग, आत रेती भरडली जात असावी तशी. मी दचकून हात काढला. तुम्ही हसला नाहीत. "लागलं ना हाताला? तू म्हणत होतीस ते हेच," एवढंच बोललात आणि पान्याला हात घातलात.

काका, तुम्हाला तपासून बघायचंच होतं तर स्वतःचा हात ठेवून बघता आलं असतं. तुम्हाला तर बहुधा ती गरजही नव्हती. तुम्ही माझा हात ठेवायला लावलात. ज्या आवाजाबद्दल मला इतके महिने भास झाल्यासारखं वागवलं गेलं, तो तुम्ही माझ्या बोटांत दिलात. बेअरिंग बदलून देणारा मला कधी ना कधी कोणी भेटलाही असता. पण हे दुसऱ्या कोणी केलं नसतं. आजही भाजी चिरताना मध्येच ती खरखर बोटांना आठवते आणि मला आतून फार बरं वाटतं.

पुढचं काम कसं झालं ते इथे लिहीत बसत नाही. ते ज्याने त्याने जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावं. पण काही गोष्टी डोळ्यांसमोरून जात नाहीत. ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे ब्रेक दाबणारी पकड, तुम्ही नळीवर लोंबकळू दिला नाहीत, तारेने वर बांधून ठेवलात. मधला भाग काढून तुम्ही मकरपुऱ्याला ओळखीच्या वर्कशॉपमध्ये प्रेसवर नेलात, कारण घरी ठोकून बसवायला तुमचा हात धजेना. जुनं बेअरिंग सुटल्यावर त्याची वाटी पुसून उन्हात माझ्यासमोर धरलीत. गोळ्या जिथे जिथे टेकत होत्या तिथे सारख्या अंतरावर बारीक खळगे पडले होते. हातोड्याचा मार चुकीच्या कडेवर बसला की तो गोळ्यांमधून जातो आणि वाटीवर असे डाग उठतात, मग बेअरिंग कितीही नवं असो, ते ओरडणारच. तुम्ही त्या गॅरेजवाल्याला एक वाईट शब्द बोलला नाहीत. "त्याला कोणी शिकवलं नसेल," म्हणालात. माझं मन तेवढं मोठं नाही, मला अजून त्याचा राग येतो. न येणाऱ्या कामाचे पैसे घ्यायचे आणि वर गिऱ्हाइकालाच वेड्यात काढायचं, हे मला पटत नाही आणि पटायलाही नको आहे.

नवं बेअरिंग पाकिटातून काढायच्या आधी तुम्ही नळावर जाऊन साबणाने हात धुतलेत. आमच्या पिंटूने विचारलं की आजोबा, परत काळेच होणार ना हात? तुम्ही त्याला ओट्यावर बसवून सांगितलंत की बोटावरचा रेतीचा एक कणसुद्धा आत गेला तर गोळ्या तो चिरडत बसतात. मधला नट पुरता आवळून होईपर्यंत चाक जमिनीला टेकू द्यायचं नाही, गाडी ढकलायची नाही, नाहीतर नव्या बेअरिंगचंही नुकसान होतं, म्हणून पिंटूलाच ब्रेक दाबून बसवलंत आणि आवळलंत. जुना नट परत वापरला नाहीत, नवा आणायला लावलात. तो मुलगा आता भेटेल त्याला हे सांगत असतो.

उभा जन्म माणेजाच्या कारखान्यात बेअरिंगच्या शेजारी काढलेल्या माणसाला हे सगळं येणारच, असं कोणी म्हणेल. 1960 च्या दशकापासून बडोद्यात बेअरिंग बनतात, ती बनवलेले हात या शहरात घरोघरी आहेत. येणं वेगळं आणि दुसऱ्याच्या दारात जमिनीवर पोतं अंथरून बसणं वेगळं. तुमचे वडील कलाभवनात, म्हणजे इथल्या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत, शिकले असं काकूंनी सांगितलं. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये ते काढलं ते हाताला काम आणि कामाला मान मिळावा म्हणून. शाळेत आम्ही हे धड्यासारखं पाठ केलं. त्याचा अर्थ मला तुमच्या नखांतलं ग्रीस बघून लागला. आपल्याला येतं ते समोरच्याला समजावून सांगणारी, बाईमाणूस आहे म्हणून आवाज न चढवणारी, चहा गार झाला तरी हातातलं काम अर्धं न टाकणारी माणसं आपल्या गावात अजून आहेत. त्यांच्या दारावर पाटी नसते, एवढंच.

आणि हो, तुम्ही सांगितलंत तसं केलं. एक्सप्रेस वेवरून आल्यावर गाडी उभी करून चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिलं. उजवं पुढचं चाक बाकीच्यांपेक्षा गरम नव्हतं. घूं घूं नाही, डावीकडे वळताना नाही, उजवीकडे वळतानाही नाही. तरी तुम्ही म्हणालात तसं पुढच्या महिन्यात एकदा चाक उचलून हलवून बघायचं आहे. तेव्हा जॅक मी लावेन, तुम्ही नुसतं बघा.

पैशांचा विषय आता काढत नाही. पण रविवारी आई पुरणपोळ्या करणार आहे आणि कटाची आमटीही. काकूंना मी आधीच विचारून ठेवलं आहे, त्या हो म्हणाल्या आहेत. दुपारी बारापर्यंत या.

तुमची,
समोरच्या घरातली