खेळाडूला अटक करण्याआधी गुन्हा कोणता, ते ठरवा: गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

१५ मे २०१३ च्या रात्री वानखेडेवर मुंबई इंडियन्स आणि राजस्थान रॉयल्स यांचा सामना झाला. त्याच रात्रीत दिल्ली पोलिसांच्या स्पेशल सेलने श्रीशांत, अंकित चव्हाण आणि अजित चंडिला या रॉयल्सच्या तीन खेळाडूंना पैसे घेऊन मुद्दाम धावा दिल्याच्या, म्हणजे स्पॉट-फिक्सिंगच्या, आरोपावरून मुंबईतून उचलले. दुसऱ्या दिवशी दिल्लीत पत्रकार परिषद झाली आणि कमरेला खोचलेल्या टॉवेलपासून एका षटकात किती धावा द्यायच्या इथपर्यंत सगळे देशाला सांगून झाले. जूनच्या सुरुवातीला मोक्का (महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा) लागला. १० जूनला श्रीशांत आणि अंकित यांना जामीन मिळाला. २५ जुलै २०१५ रोजी पतियाळा हाउस न्यायालयाने तिघांसह ३६ आरोपींना दोषारोपातून मुक्त केले. त्यांना 'निर्दोष' ठरवले असे नव्हे. खटला चालवण्याइतकेही काही समोर नाही, असे ठरले. सव्वादोन वर्षे तपास, हजारो पानांचे दोषारोपपत्र, आणि साक्षीदारांच्या पिंजऱ्यात एकही माणूस उभा राहिला नाही.

या प्रकरणात महाराष्ट्राचा संबंध अंकित मुंबईकडून खेळायचा किंवा अटक मुंबईत झाली एवढाच नाही. वापरलेला कायदा आपला होता. १९९९ मध्ये आपल्या विधिमंडळाने टोळ्यांसाठी केलेला मोक्का २००२ मध्ये दिल्लीला लागू झाला आणि तिथे तो गोलंदाजांवर लावला गेला. म्हणून हे पत्र तुम्हाला.

नामवंत खेळाडूला अटक झाली की वाद ठरलेल्या वाटेने जातो. एक बाजू म्हणते, प्रसिद्ध आहे म्हणून छळताय. दुसरी म्हणते, प्रसिद्ध आहे म्हणून सूट मागताय. आमचे म्हणणे वेगळे आहे. पैसे घेऊन मुद्दाम धावा देणे हा आपल्या फौजदारी कायद्यात स्वतंत्र गुन्हाच नाही. गुन्हा पुस्तकात नसल्यामुळे तपासी अंमलदार जवळपासचे कलम उसने घेतो. हलके कलम टिकत नाही, म्हणून जड घेतो. आणि जड कलमाला लागणारा पुरावा हाती नसला की ती जागा पत्रकार परिषद भरून काढते. पोलिसांच्या वागण्याबद्दलच्या बहुतेक तक्रारी इथून सुरू होतात.

हलके कलम म्हणजे फसवणूक, जुने ४२०, आताच्या भारतीय न्याय संहितेचे ३१८(४). त्यात अडचण अशी, की कोणाला तरी फसवून त्याच्याकडून मालमत्ता काढून घेतल्याचे दाखवावे लागते. कर्नाटक प्रीमियर लीगमध्ये २०१९ साली खेळाडूंना अटक झाली. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते प्रकरण रद्द केले, कारण नेमके हेच: प्रेक्षक तिकीट स्वतःहून काढतो, ४२० चे घटक जुळत नाहीत. खेळाडूने शिस्त मोडली असेल तर क्रिकेट मंडळाने कारवाई करावी, असेही न्यायालयाने म्हटले.

जड कलम म्हणजे मोक्का. तो लागला की पोलीस कोठडीची कमाल मुदत १५ वरून ३० दिवसांवर जाते, दोषारोपपत्राला १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते, अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुराव्यात येतो आणि २१(४) मुळे जामीन जवळजवळ बंद होतो. एवढे सगळे मिळते म्हणून मोह होतो. पण कायद्याने त्याची किंमतही लावली आहे. टोळीविरुद्ध आधीच्या दहा वर्षांत एकाहून जास्त दोषारोपपत्रे हवीत, न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली हवी, आणि समोरचा माणूस त्या टोळीचा सदस्य किंवा तिच्यासाठी काम करणारा आहे हे दाखवावे लागते. टोळीची जुनी दोषारोपपत्रे सहज मिळतात. अवघड असतो तो शेवटचा दुवा: बुकीमागे कोण आहे, हे खेळाडूला ठाऊक होते का? दिल्लीच्या न्यायालयाला तो दुवा प्रथमदर्शनीही दिसला नाही.

हा प्रश्न २०१३ बरोबर संपलेला नाही. १ जुलै २०२४ पासून, नव्या संहिता लागू झाल्यावर, तो वाढला आहे. न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये संघटित गुन्हेगारीची व्याख्या मोक्क्याच्याच साच्यातली आहे. फरक चाळणीचा. मोक्क्यात गुन्हा नोंदवण्याआधी उपमहानिरीक्षकाची मंजुरी आणि न्यायालयाने दखल घेण्याआधी अपर महासंचालक दर्जाची मंजुरी लागते. १११ मध्ये दोन्ही नाहीत. ठाण्यातला निरीक्षक रात्री अकरा वाजता ते कलम लावू शकतो. आणि ते लागले की नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) ४३(३) प्रमाणे बेड्याही घालता येतात, कारण त्या यादीत 'संघटित गुन्हा' आहे. म्हणजे एका चुकीच्या कलमाने बेड्याही कायदेशीर होतात आणि दुसऱ्या दिवशीचा फोटोही. शेजारचे कलम ११२, किरकोळ संघटित गुन्हे, त्यात अनधिकृत सट्ट्याचा उल्लेख आहे. पण तेही सट्टा चालवणाऱ्या टोळीबद्दल आहे, नो-बॉल टाकणाऱ्याबद्दल नाही.

तेव्हा पहिली मागणी: १११ किंवा मोक्का खेळाडूवर लावायचा असेल, तर आधी अभियोग संचालनालयाचे लेखी मत घ्यावे. जुनी दोषारोपपत्रे कोणती, त्या टोळीशी या खेळाडूचा दुवा कोणत्या कागदाने किंवा संभाषणाने जुळतो, आणि साध्या कलमाने काय अडते, एवढ्या तीनच मुद्द्यांवर. दोन पाने पुरतात.

दुसरी मागणी मोठी आहे. खेळ हा राज्यसूचीतला विषय आहे (नोंद ३३), सट्टा-जुगारही (नोंद ३४). केंद्रात २०१३ साली क्रीडा गैरव्यवहाराच्या विधेयकाचा मसुदा झाला, २०१८ मध्ये विधी आयोगाने आपल्या २७६ व्या अहवालात सामना-निश्चिती फौजदारी गुन्हा करा असे सुचवले, आणि गाडी तिथेच उभी आहे. श्रीलंकेने २०१९ मध्ये कायदा करून टाकला. महाराष्ट्राला दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. मोबदला घेऊन खेळावर जाणूनबुजून परिणाम करणे, संघाची आतली माहिती सट्ट्यासाठी देणे आणि खेळाडूला त्यासाठी गाठणे, हे तीन गुन्हे स्पष्ट लिहावेत. आलेली ऑफर कळवली नाही, एवढ्यासाठी मात्र तुरुंग नको. ते मंडळाच्या आचारसंहितेत राहू द्या. शिक्षा सात वर्षांच्या आत ठेवली तर सर्वोच्च न्यायालयाच्या अर्नेश कुमार निकालाप्रमाणे आधी नोटीस, मग गरज असेल तरच अटक, हा क्रम आपोआप लागू होतो.

नोटिशीबद्दल थोडे सविस्तर, कारण इथे हमखास चूक होते. नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) ची, चौकशीला हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले आहे. दौऱ्यावरचा खेळाडू दर तीन दिवसांनी शहर बदलतो. नोटीस घरच्या पत्त्यावर जाते, घराला कुलूप असते आणि 'आरोपी मिळून येत नाही' असा शेरा पडतो. मग तोच शेरा अटकेचे कारण होतो! खरे तर त्याचा पत्ता सगळ्यांना ठाऊक असतो, सामन्याचे वेळापत्रक छापलेले असते. संघ व्यवस्थापकाला कळवून हॉटेलवर हातात नोटीस द्यावी, सही-वेळ घ्यावी. काम अर्ध्या तासाचे आहे.

अटक करावीच लागली, तर कारणे लेखी हवीत आणि त्याला कळणाऱ्या भाषेत. मिहीर शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या आपल्याच वरळीच्या प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा घालून दिली: दंडाधिकाऱ्यासमोर उभे करण्याच्या किमान दोन तास आधी कारणे लेखी हातात पडली पाहिजेत, नाहीतर अटकच बेकायदा. मुंबईत खेळणाऱ्या केरळच्या किंवा हरियाणाच्या मुलाला मराठी छापील अर्जावर सही करायला लावणे यात बसत नाही. आणि 'वरील कलमांखाली अटक' हे कारण नव्हे. कोणत्या दिवशी, कोणत्या षटकाबद्दल, कोणाशी झालेल्या कोणत्या व्यवहारावरून, हे लिहावे लागेल. ते लिहिता येत नसेल, तर अटक करायची वेळ अजून आलेली नाही.

मोबाइल हा अशा तपासाचा जीव. तपास बहुतेकदा तिथेच बिघडतो. जप्तीचे चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे बंधनकारक आहे. फोन एअरप्लेन मोडवर, त्याचा आयएमईआय (ओळख) क्रमांक पंचनाम्यात, पंचांसमोर सील, आणि साक्ष अधिनियमाच्या ६३(४) च्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य, म्हणजे माहितीत फेरफार झाला नाही हे तपासता येणारा आकडा. होते असे, की फोन दोन दिवस ठाण्यात उघडाच फिरतो, अंमलदार चॅट वाचतात, तिसऱ्या दिवशी ती वाहिनीवर दिसते. बचावाच्या वकिलाला मग दुसरा मुद्दा शोधावा लागत नाही.

एक बाब कुठल्याच पोलीस नियमावलीत नाही, म्हणून इथे नोंदवतो. नोंदणीकृत चाचणी गटातल्या खेळाडूला उत्तेजकविरोधी नियमांनुसार रोज एक तासाची जागा आणि वेळ आधी कळवून ठेवावी लागते. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या की ते स्वतंत्र उल्लंघन ठरते. कोठडीतल्या माणसाला ही माहिती बदलता येत नाही. नातेवाइकाला अटकेची सूचना देताना (नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४८) 'नाडाला (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेला) कळवा' एवढे एक वाक्य वाढवले तरी पुरे. तसेच वैद्यकीय तपासणीत सरकारी डॉक्टरांनी दिलेल्या प्रत्येक औषधाची प्रत त्याला मिळावी. कोठडीत घेतलेल्या एका स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा खुलासा त्याला पुढे महिनोन्महिने करत बसावा लागेल.

आता पत्रकार परिषद. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या माध्यम-संवादासाठी नियमावली करण्याचे निर्देश केंद्राला दिले. राज्याने तेवढ्यावर थांबू नये. नेमलेल्या एकाच अधिकाऱ्याने, लेखी, गुन्हा रजिस्टर नंबर, कलमे, अटकेची वेळ आणि न्यायालयाची पुढची तारीख एवढेच सांगावे. कबुलीजबाब, ध्वनिफीत, 'छडा लावला' हा शब्द, सामन्याची चित्रफीत दाखवून केलेले समालोचन, हे बंद. टॉवेल खोचला म्हणजे इशारा, हा अर्थ न्यायालयात सिद्ध करायचा असतो. वाहिनीवर तो आधीच सिद्ध होऊन बसतो आणि मग न्यायालयाने उलटे ठरवले तरी लोक न्यायालयालाच नावे ठेवतात.

ठाण्यातल्या सीसीटीव्हीबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या परमवीर सिंग सैनी निकालाने (२ डिसेंबर २०२०) आवाजासह चित्रण आणि ते अठरा महिने जपण्याचे मानक घालून दिले. वादग्रस्त अटकेत ते चित्रण त्याच दिवशी वेगळे काढून ठेवावे, नाहीतर 'कॅमेरा बंद होता' हे उत्तर तयारच असते. हे फक्त आपल्याकडचे दुखणे नाही. १७ मे २०२४ रोजी अमेरिकेत लुइव्हिल इथे गोल्फपटू स्कॉटी शेफलरला स्पर्धेच्या दारात अटक झाली, तेव्हा त्या अधिकाऱ्याने अंगावरचा कॅमेरा सुरूच केला नव्हता. पण तिथे १२ दिवसांत आरोप मागे घेतले गेले आणि कॅमेऱ्याबद्दल अधिकाऱ्याला समज मिळाली. आपल्याकडे २६ महिने लागले, आणि समज कोणाला दिली गेली हे विचारायचीही सोय नाही.

खेळाडूंना मोकळे सोडा असे आम्ही म्हणत नाही. मंडळाची शिस्त वेगळी आणि तिथे पुराव्याचे माप वेगळे. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने श्रीशांतची आजन्म बंदी उठवली, पण त्याच्यावरची कारवाईच चूक होती असे म्हटले नाही. शिक्षेचा फेरविचार करा म्हटले, आणि ती सात वर्षांवर आली. मंडळाचे काम त्यामुळे तरी पूर्ण झाले. अर्धवट राहिले ते पोलिसांचे.

वरच्या गोष्टींपैकी कायदा सोडला तर बाकी सगळे पोलीस महासंचालकांच्या एका परिपत्रकाने होते. आयपीएलचे सामने वानखेडेवर सुरू होण्याआधी ते काढावे. त्याची प्रत मुंबई क्रिकेट असोसिएशनलाच नव्हे, तर राज्यातल्या कबड्डी, कुस्ती आणि फुटबॉलच्या संघटनांनाही पाठवावी. त्यांच्या खेळाडूंना पकडले जाते तेव्हा दारात वकील नसतो आणि कॅमेराही नसतो.

आपले,
फौजदारी न्यायालयांत आणि क्रीडा क्षेत्रात काम करणारे काही नागरिक