दुसऱ्या डोळ्याचं लेसर

ती. आई-बाबांस,

काल फोनवर बाबा म्हणाले, "लेसर करून काही जास्त दिसेना, उलट संध्याकाळी कमीच दिसतं. दुसरा डोळा राहू दे." मी गप्प बसले, कारण फोनवर आपलं नुसतं भांडण होतं. म्हणून हे पत्र. आई, तू वाचून दाखव आणि मध्ये त्यांना बोलू देऊ नकोस.

बाबा, हे लेसर जास्त दिसावं म्हणून नव्हतंच. आहे ते टिकावं म्हणून होतं. सही घेताना तिथे कुणीतरी दोन वाक्यांत उरकलं आणि नेमकी तेव्हा मी बाहेर फोनवर बोलत उभी होते.

शुगरमुळे डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या बुजतात. प्राणवायू कमी पडला की तिथल्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात आणि त्याच्यामुळे नव्या वाहिन्या फुटतात. पण त्या कच्च्या. त्यांतून डोळ्यात रक्त उतरतं, पुढे पडदा ओढला जाऊन सुटूही शकतो.

तुम्हाला दिसला तो हिरवा झोत पडद्याच्या पारदर्शक थरांतून आरपार जातो आणि मागे रंगद्रव्याच्या पेशींचा एकेरी थर असतो, त्यात मुख्यतः शोषला जातो. तिथे चटका बसतो. त्या पेशी मरतात, आणि त्यांना टेकून असलेल्या, प्रकाश टिपणाऱ्या पेशीही. हो, मुद्दाम मारतात. प्रकाश टिपणाऱ्या पेशींपैकी दंडपेशी एका डोळ्यात सुमारे 12 कोटी असतात आणि त्या प्राणवायूच्या भलत्या खादाड. काही कमी झाल्या की मागणी उतरते, शिवाय मागच्या रक्तपुरवठ्यातला प्राणवायू चटक्यांच्या त्या ठिपक्यांतून आतल्या थरांपर्यंत पोचतो. मग व्हीईजीएफ घटतं आणि कच्च्या वाहिन्या हळूहळू सुकतात. याला काही आठवडे लागतात. दंडपेशी अंधुक उजेडात पाहायच्या, म्हणून संध्याकाळची तुमची तक्रार खरी आहे. वाचायला लागतो तो मधला भाग मात्र वगळलेला असतो.

तुम्ही नेहमी विचारता ना, लॅबमध्ये दिवसभर करतेस काय? याच रंगपेशी बशीत वाढवते. फरशीसारख्या एकमेकींना खेटून बसतात. पिपेटच्या टोकाने मधोमध एक ओरखडा काढायचा आणि घरी जायचं. सकाळी पाहावं तर काठावरच्या पेशी लांबट होऊन रिकाम्या पट्टीत सरकलेल्या असतात. (अजूनही आल्या आल्या आधी तीच बशी उघडते.) तुमच्या डोळ्यातही साधारण हेच चाललंय: ठिपक्याच्या कडेच्या रंगपेशी पसरतात, काही विभागतात आणि उघडी जागा झाकतात, पडद्यातल्या आधारपेशी व्रण भरून काढतात. आज फोटोत पांढरट दिसणारे ठिपके पुढे काळसर होतील. तेव्हा घाबरू नका. गेलेल्या दंडपेशी मात्र परत येत नाहीत, ते खोटं सांगणार नाही.

आता दुसऱ्या डोळ्याचं. 1970 च्या दशकात अमेरिकेत हीच शंका तपासली. प्रत्येक रुग्णाच्या एका डोळ्याला लेसर केलं आणि दुसरा तसाच ठेवला, म्हणजे तुम्ही म्हणताय अगदी तसं. लेसर केलेल्या डोळ्यांत दृष्टी फार खालावण्याचं प्रमाण निम्म्याहूनही कमी निघालं. 1976 मध्ये त्यांनी नियम बदलला आणि ज्यांचा राखून ठेवलेला डोळा जास्त धोक्यात होता, त्यांना त्याही डोळ्याला लेसर देऊ केलं.

आई, मध्येच काळे ठिपके तरंगायला लागले, विजेसारखं चमकलं किंवा कडेने नजरेसमोर पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर माझ्या फोनची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा.

गुरुवारची वेळ मी रद्द केलेली नाही. या वेळी आत तुमच्या शेजारी बसेन, फोन बंद करून.

तुमची,
धाकटी