विषय : ॲप बंद असल्याची खबर ग्राहकांना न दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

स. न. वि. वि.

इंदूरच्या रामबागेतून मी सहा वर्षं डबे देते. भंवरकुआँच्या क्लासेसची मुलं रात्री तुमच्या ॲपवर डबा हवा-नको कळवतात आणि पहाटे साडेपाचला तो आकडा बघून मी कणीक भिजवते.

परवा रंगपंचमी होती. राजवाड्याची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला जायचं म्हणून बरीच मुलं डबा नको म्हणतात. नेमका त्याच दिवशी आकडा मिळेना. गोल चक्र फिरायचं आणि वर ‘पुन्हा प्रयत्न करा’. वाय-फाय बंद-चालू करून पाहिलं, पासवर्ड बदलायला गेले तर ओटीपी येईना. कणकेच्या हातांनी पाऊण तास मी माझंच काय चुकलं ते शोधत होते. हेल्पलाइनवर नुसती धून. शेवटी अंदाजाने 120 डबे भरले, गेले 71. दुपारी तुमच्याकडून कळलं की सर्व्हर पहाटे चारपासून नऊपर्यंत बंद होता.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! सर्व्हर कधीतरी बसणार, हे मला समजतं. पण साडेपाचला एक ओळ वाचायला मिळाली असती, तर मी मुलांना सरळ व्हॉट्सॲपवर विचारलं असतं.

तेव्हा एक जाहीर स्टेटस पेज सुरू करा. लॉगिनशिवाय उघडेल असं, आणि ऑर्डर, पेमेंट, ओटीपी यांतलं काय चालू, काय बंद हे वेगवेगळं दाखवणारं. बिघाड कधी लक्षात आला, काम कुठवर आलं, हे भारतीय वेळेनुसार लिहीत जा. ते पान मात्र तुमच्या त्याच सर्व्हरवर ठेवू नका. 28 फेब्रुवारी 2017 ला ॲमेझॉनची एस-थ्री ही इंटरनेटवर फाइली साठवायची सेवा कोलमडली, तेव्हा त्यांचं स्टेटस पेजही तिच्यावरच विसंबून होतं, त्यामुळे कितीतरी वेळ त्यावर सगळं आलबेल दिसत राहिलं. माझी भाची याच क्षेत्रात आहे, तिने हे आवर्जून लिहायला सांगितलं.

जुन्या बिघाडांची नोंदही तिथे राहू द्या. करारात तुम्ही 99.9 टक्के वेळ सेवा चालू राहील असं लिहिलंय. 30 दिवसांच्या महिन्यात बंद राहायला त्यातून जेमतेम 43 मिनिटं उरतात, आणि परवा एका सकाळीच पाच तास गेले.

वाया गेलेल्या 49 डब्यांचा हिशोब सोबत जोडला आहे. ती रक्कम पुढच्या वर्गणीतून वळती करावी आणि पान कधी सुरू होणार ते 15 दिवसांत लेखी कळवावं.

आपली,
एक डबेवाली ग्राहक
रामबाग, इंदूर