राजदिंडी ते करपेवाडी : वाट राखा, वाट दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आषाढ लागला की पन्हाळा ते पावनखिंड या सुमारे ५० किलोमीटरच्या वाटेवर तरुणांची रीघ लागते. यंदा मी आणि माझी भाची अशा दोघीच या वाटेचा पहिला दिवस चाललो. माझे वय ५८. गर्दी नको म्हणून मुद्दाम मधल्या वारी गेलो.

पहाटेच्या एसटीने पन्हाळा गाठला आणि राजदिंडी या गडाच्या छोट्या दरवाजाने उतरायला लागलो. जांभ्यावर शेवाळ धरलेले, पाय ठरत नव्हता. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज सिद्दी जौहरचा वेढा चुकवून निघाले ते इथूनच. शिवा काशीद आणि बाजीप्रभूंची गोष्ट आपल्याकडे शाळेच्या आधी घरात कळते. पण हातात काठी असून आम्हाला भर दिवसा जड गेलेली उतरण मावळ्यांनी रात्री, पावसात, खांद्यावर पालखी घेऊन पार केली, हे पायांना कळले तेव्हा बराच वेळ आम्ही दोघी न बोलता चालत होतो.

म्हाळुंगे मागे पडले, मसाई पठारावर चढलो आणि धुके उतरले. दहा पावलांपुढचे दिसेना. पठार म्हणजे अफाट सपाट सडा, म्हणजे जांभ्या खडकाचे उघडे माळ, त्यावर गुरांच्या वाटा आणि जीपगाड्यांच्या चाकोऱ्या एकमेकींत मिसळलेल्या. आम्ही त्यातली सर्वांत ठळक चाकोरी धरली. तेवढ्यात म्हशी राखणाऱ्या, इरले पांघरलेल्या एका आजींनी हाक मारली, "तिकडं कुठं चाललासा? तिकडं कडा हाय. मसाईचं देऊळ ह्या अंगाला!" आजी तिथे नसत्या तर काय झाले असते, हा विचार आजही मनातून जात नाही.

संपादक महोदय, या वाटेला खुणा हव्यात. त्यासाठी मोठा खर्च नको. दर शे-दोनशे पावलांवर चुन्याने रंगवलेला एक दगड आणि फाट्यावर पुढच्या वाडीचे नाव, एवढे पुरे. मात्र सुधारणेच्या नावाखाली पायवाटेवर काँक्रीट ओतू नका. चिखल, ओढा, घसरडी उतरण हीच ही वाट आहे.

त्या चाकोऱ्यांचेही बोलायला हवे. जांभ्याच्या सड्यावर माती जेमतेम बोटभर. पावसाळा सरता सरता त्याच मातीवर गेंद, सीतेची आसवे, किडे धरणारी इवलीशी दवबिंदू अशी फुलझाडे येतात, महिना-दोन महिन्यांत बी टाकून सुकतात. चाक एकदा गेले की माती दबते, चाकोरीत पाणी वाहते आणि उरलेली माती घेऊन जाते. हे पठार सरकारने संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केले आहे. देवीच्या दर्शनाला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी देवळापर्यंत एक गाडीवाट जरूर असावी. बाकी सड्यावर चाक फिरता कामा नये.

जुलै २०२५ मध्ये १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात आपला पन्हाळा आहे. अभिमान मलाही आहे. पण पाहुणे तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंबरखाना पाहून गाडीत बसतात आणि परततात. किल्ल्याची अर्धी गोष्ट राजदिंडीच्या बाहेर सुरू होते.

कुंभारवाडी, खोतवाडीकडे उतरलो तेव्हा खाचरांत रोपलावण चालू होती. बांधावरून जपून चालावे लागते, एक बांध फुटला की खाचरातले पाणी जाते. संध्याकाळी करपेवाडीत एका घरी मुक्काम केला. नाचणीची भाकरी वाढता वाढता घरच्या वहिनी म्हणाल्या, "मोहिमेच्या दिवसांत अंगणात पाय ठेवायला जागा नसते, मग वर्षभर कोण फिरकत नाही." खुणा असल्या तर माणसे कार्तिकातही येतील, पौषातही येतील, आणि या घरांना चार पैसे वर्षभर मिळतील.

दिवाळीनंतर आम्ही दोघी करपेवाडीहून पुढे पांढरपाण्याकडे निघणार आहोत. तोवर निदान मसाई पठारावरचे दगड तरी रंगवावेत, ही संबंधितांना आपल्या पत्रामार्फत कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर