चि. सुजातास, शहाद्याहून

चि. सुजातास अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचं टिपण सावकाश वाचलं. जंगलातली जमीन आधीपासून कसणारे तिच्यावर जो वनहक्क मागतात, त्याचे फेटाळलेले दावे उपग्रहाची जुनी चित्रं लावून कॉम्प्युटर प्रोग्रामने पुन्हा तपासायचे, हा विषय तू घेतलास, याचा फार अभिमान वाटला. २०१९ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने अशा दावेदारांना हटवायचा आदेश दिला होता, पंधरा दिवसांत तो स्वतःच स्थगितही केला. तेवढ्या दिवसांत पाड्यापाड्यावर कसा जीव टांगणीला लागला होता, ते तू पाहिलंस.

पण माय, एक गोष्ट आग्रहाने सांगतो. शेत होतं की नव्हतं, याचा निकाल तुझ्या प्रोग्रामवर सोडू नकोस. धडगावकडची उतारावरची शेतं आठव. अरुंद पट्टा, मधे राखलेली मोहाची झाडं. मोह कोण तोडणार? वरून बघितलं तर ते जंगलच दिसणार. जवळ गेलं की दगडांची पाळ दिसते, बुजत आलेली विहीर दिसते. आणि वनहक्क कायद्याने ठरवलेल्या तारखेच्या, म्हणजे १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून तिथे कोण कसतंय, ते पाड्यावरचा म्हातारा सांगतो. त्याचा लेखी जबाब नियमांनी पुरावा मानलाय, घर-विहीर-बांधही मानलेत. चित्राची या पुराव्यांना जोड द्यायची, त्यांच्याऐवजी ते धरायचं नाही, हे केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाने २०१२ मध्येच स्पष्ट केलंय. जबाब आणि चित्र जुळलं नाही, तर प्रोग्रामने एवढंच म्हणावं : जागेवर जाऊन पाहा.

दुसरं, दावा फेटाळल्याचं कारण. लोकांचे अर्ज लिहून देताना बघतो, हातात पडलेल्या कागदावर 'अपात्र' एवढंच असतं. वरच्या समितीकडे दाद मागायची मुदत ६० दिवसांची, आणि खोडायचं काय तेच कळत नाही. तुझ्या प्रोग्रामने कोणत्या तारखेचं चित्र धरलं, शंका नेमकी कुठे आली, हे साध्या मराठीत छापून द्यावं. तिकडच्या पावरी बोलीत सांगायला वनहक्क समितीतली पोरं आहेत.

दिवाळीला येशील तेव्हा नकाशे मोठ्या कागदावर छापून आण, वर मोबाइलला रेंज नसते. आपण दोघं धडगावला जाऊ. म्हाताऱ्यांना त्यावर बोट ठेवून आपापली पाळ दाखवू दे, मग पुढचं लिही.

तुझा,
नाना